दोबुनचा दहावा विजय

८ एप्रिल, सकाळी ९.४०

नवं कार्यालयीन वर्ष. रोजनिशी सुरू करते आहे. ठराव: फक्त नोंदी, भावना नाहीत.

आज प्रत्येकाने आपल्या कामाचं वर्णन लिहून द्यायचं होतं. मी लिहिलं: "कार्टून मालिकेतल्या ४१२ झुंजार प्राण्यांची संदर्भपत्रकं सांभाळणे. कोणाला किती बोटं, शेपटी केवढी, तोंडातून काय निघतं आणि किती. चित्रकार चुकल्यास कळवणे." शेजारच्या टेबलावरच्या हिबाराने डोकावून वाचलं आणि विचारलं, "आणि दोबुनची वकिली? ती कुठे लिहिलीस?"

हिबारा रंग ठरवतो. त्याच्या मताला रंगापुरतंच वजन द्यावं.

११ एप्रिल

मीटिंगमध्ये जाहीर झालं. ऑक्टोबरपासून मालिका नव्या बेटावर जाणार. नायक गेन आपल्या पाच प्राण्यांपैकी चौघांनाच बरोबर नेणार. एक मागे राहणार. आमच्याकडे कोणाला काढलं असं म्हणत नाहीत, "पदवी मिळाली" म्हणतात.

कोण, ते ठरलेलं नाही असं सांगण्यात आलं. मला कोणी सांगायची गरज नाही. दोबुन हा पाणसरड्यासारखा प्राणी, उंची ६१ सेंटिमीटर, पोट मोचीसारखं, म्हणजे भाताच्या मऊ गोळ्यासारखं. अकरा वर्षांत झुंजी ११२, विजय ९. त्याच्या हल्ल्याचं नाव "महाप्रपात". मी एकेक चित्र मोजून त्यातल्या पाण्याचा हिशेब काढला आहे: चार लिटर.

मी या बाबतीत तटस्थ आहे. शाळेत असताना मालिका पाहायचे, पण तेव्हा सगळेच पाहायचे. दोबुनच्या चित्राची पेन्सिलपेटी अजून वापरते, कारण ती टिकाऊ आहे.

१७ एप्रिल

आकडेवारी नीट वाचली गेलेली नाही. १०३ पराभवांपैकी ३१ वेळा जमीन ओली होती. (ती दोबुननेच ओली केली होती, पण ओली जमीन ती ओली जमीन.) २२ वेळा प्रतिस्पर्धी त्याच्या संदर्भपत्रकापेक्षा मोठा काढला गेला. १४ वेळा गेनने हुकूम उशिरा दिला. हे ६७ पराभव दोबुनच्या खात्यावर टाकणं अशास्त्रीय आहे. उरलेल्या ३६ चा अभ्यास चालू आहे.

विजयांत मात्र काटछाट केलेली नाही. दोनदा प्रतिस्पर्धी झोपलेला होता. एकदा तो पाण्याला घाबरला. चारदा दोबुन आधी पडला आणि प्रतिस्पर्धी त्याला अडखळून पलीकडे पडला. एक विजय गेनच्या स्वप्नातला, पण तो प्रसारित झाला आहे, म्हणून धरला. शेवटचा निर्विवाद. समोर अंडं होतं.

दुरुस्तीनंतर, म्हणजे ते ६७ विजयांत धरून, यशाचं प्रमाण ६७.९ टक्के. पाचांत दुसरा. मलाही आश्चर्य वाटलं.

२४ एप्रिल

निष्कर्ष: हरणारा काढला जातो. म्हणून सप्टेंबरपूर्वी दोबुनला एक मोठा, निःसंशय विजय मिळवून द्यायचा. हे लेखकांच्या हाती आहे. लेखक माहितीवर चालतात. माहिती माझ्याकडे आहे.

जेवताना हिबारा सोबा नूडल्स ओढता ओढता म्हणाला, "आधी सहा जणांना पदवी मिळाली ना, ती कशी मिळाली ते बघितलंस का?" बघितलं. सहाही जण आयुष्यातली सर्वांत मोठी झुंज जिंकले आणि त्याच नाहीतर पुढच्या भागात गेले. मी म्हणाले, नमुना लहान आहे. तो म्हणाला, "सहापैकी सहा आहे गं." टक्केवारी आणि नमुना यांतला फरक रंगवाल्याला समजावत बसायला वेळ नव्हता.

त्या सहा ओळी वेगळ्या पानावर हलवल्या. पान लपवलं. तक्ता आता सुटसुटीत दिसतो.

१३ मे, संध्याकाळी ६.१५

लेखकांच्या मीटिंगला हजर होते. मला बोलायचं नसतं, शेपटीबद्दल कोणी विचारलं तरच. तरी १४ पानी रिपोर्ट सर्वांना वाटला आणि आलेख समजावून सांगितले. सात मिनिटं ठरवली होती, एकोणतीस लागली.

मुख्य लेखक वाकुई-सान पहिल्या भागापासून इथे आहेत. अजून पेन्सिलीने लिहितात. ते तांदळाच्या सेंबेई चकत्या खात ऐकत होते. शेवटी दिग्दर्शकांकडे बघत म्हणाले, "चांगलं आहे की. खरंच, या पोराला कधी जिंकूच दिलं नाही आपण. एकदा जिंकवूया. थाटात." मग मला, "कुजिराई-सान, बरं झालं तुम्ही आठवण करून दिलीत."

पान ९ वरच्या आलेखाचा परिणाम. त्या पानावर मी बरीच मेहनत घेतली होती.

१४ मे

हिबारा सांगतो, वाकुई-सानांनी रिपोर्टवर चहाचा कप ठेवला होता, पान १ उलटलंच नाही. हे कदाचित खरं असेल. कप उचलताना पान ९ दिसलं असणार.

वाकुई-सानांच्या उत्तरांची माझ्याकडे तीन वर्षांची नोंद आहे. "बघू या" म्हणजे होकाराची शक्यता २० टक्के. "विचार करतो" म्हणजे ५. "चांगलं आहे की" याआधी एकदाही नाही. म्हणजे १०० धरायला हरकत नाही.

३० मे

स्क्रिप्टचा पूर्वार्ध आला. दोबुन विरुद्ध गतविजेत्याचा पाषाणबैल, वजन दोन टन. दोबुन पाच वेळा पडतो, सहाव्यांदा उठतो. महाप्रपात "आभाळ झाकेल एवढा" येतो. बैल वाहून जातो.

नियमाप्रमाणे लेखकांना चिठ्ठी पाठवली: एवढं पाणी या देहात मावत नाही, कमाल चार लिटर. दहा मिनिटांनी चिठ्ठी परत घेतली. नोकरीत पहिल्यांदाच. कारण तांत्रिक आहे. त्या जगात पाण्याची घनता किती, हे कुठेच नोंदलेलं नाही.

उत्तरार्ध नंतर देतो म्हणाले. उशीर नेहमीचाच.

२८ जून

दिग्दर्शकांनी दोबुनचं पाठमोरं संदर्भपत्रक मागितलं. आमच्याकडे ते नाही. १०३ वेळा तो उताणा पडला, पाठ काढायची वेळच आली नाही. मीच बनवायला घेतलं. मूळ आराखडा काढणारे कधीच सोडून गेले, त्यामुळे पाठीवर ठिपके किती हे मला ठरवावं लागलं. दोन दिवस लागले. तीन ठिपके, मधला किंचित डावीकडे.

पाठमोरं कशासाठी, ते उघड आहे. विजयानंतर तो प्रेक्षागाराकडे तोंड करून उभा राहील, कॅमेरा मागे असेल. हिबाराकडे याच दृश्यासाठी सूर्यास्ताचे रंग मागितले आहेत. झुंज सकाळी अकराची आहे. समारंभ लांबला असणार.

हिबाराने रंगांचा कागद बाजूला ठेवला. मग म्हणाला, "कुजिराई, तू फार हुशार आहेस, नाही का." आभार मानले.

१२ जुलै

दोबुनचा आवाज देणाऱ्या ओमोदाका-सान स्टुडिओत आल्या. वय सहासष्ट. प्रत्येक टेबलाशी थांबून योकानच्या गोड वड्यांचा डबा पुढे केला, वाकून "इतकी वर्षं सांभाळून घेतलंत" म्हणाल्या. वर्षाच्या मध्यावर भेटवस्तू द्यायचे दिवस आहेत, तारीख बरोबर जुळते. गेल्या दहा वर्षांत त्यांनी कधी असं केलं नव्हतं, पण माणसाची परिस्थिती सुधारू शकते.

माझा हात धरून म्हणाल्या, "पोरी, त्याला जिंकवायचं तुझ्या डोक्यातून निघालं म्हणे. मोठं मन लागतं गं असं करायला."

मोठं मन नाही, १४ पानं लागली. तसं सांगितलं. त्या हसल्या आणि रुमाल काढला. आमचा एसी फारच थंड असतो.

२३ जुलै, दुपारी ४.१०

उत्तरार्धाचा स्टोरीबोर्ड आला. भागाचं नाव: "पुन्हा भेटू, दोबुन". हे वाक्य हरलेला बैल म्हणतो, असा निष्कर्ष. बैलाला बोलता येत नाही असं त्याच्या पत्रकावर आहे. पत्रक तपासायला हवं.

पान ३८: तलाव, सूर्यास्त, पाणसरड्याची पिल्लं दोबुनभोवती. पान ४१: गेन बोटीत चढतो. दोबुन चढत नाही. पान ४४: बोट लांब जाते. दोबुन पाठमोरा.

पोहत येणार. पाण्यातल्या प्राण्याला बोट कशाला. नकाशावर बेटाचं अंतर १९० किलोमीटर. दोबुनचा वेग ताशी ७२० मीटर. न थांबता अकरा दिवस. ऑक्टोबरच्या दुसऱ्या भागापर्यंत सहज पोहोचतो.

२४ जुलै

तो कोणत्या भागात पोहोचतो ते विचारायला वाकुई-सानांकडे गेले. संदर्भपत्रकासाठी लागतं म्हणून.

त्यांना आधी प्रश्नच कळला नाही. मग पेन्सिल खाली ठेवली. म्हणाले, "नाही हो, तो येत नाही. त्यालाच पदवी मिळतेय. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मी म्हणाले, शक्यता विचारात घेतली होती.

ते म्हणाले, "खरं सांगू का, एप्रिलमध्ये आम्ही गेनच्या ससाण्याला काढणार होतो. पिसं फार, चित्रकार रडतात. दोबुन तर हवाच होता. उताणा पडतो, डोळे गरगरतात, एका चित्रात काम संपतं. वेळ कमी पडला की दोबुनला पुढे करायचं. अजून दहा वर्षं हलला नसता. पण तुम्ही इतक्या पोटतिडकीने म्हणालात, त्याला विजय द्या. बरोबरच होतं तुमचं. आणि एकदा असा विजय दिल्यावर पुढच्या आठवड्यात त्याला परत उताणा कसा पाडणार? पोरं बघतात."

"पोटतिडकीने" हा शब्द अयोग्य आहे. रिपोर्टमध्ये सात आलेख होते.

बाकी काही नोंदवण्यासारखं नाही.

२९ जुलै

दुसरा रिपोर्ट दिला. ९ पानी. विषय: दोबुन ही झुंज हरणंच कसं सुसंगत आहे. चार लिटर विरुद्ध दोन टन. ओल्या जमिनीचे ३१ पराभव त्याच्या खात्यावर परत टाकले, जमीन त्याचीच होती. स्वप्नातला विजय वगळला. अंडंही वगळलं. यशाचं प्रमाण ६.३ टक्के. असा प्राणी नम्रपणे हरत राहावा, ही शिफारस.

या वेळी वाकुई-सानांनी सगळं वाचलं. म्हणाले, "पण मेच्या रिपोर्टमध्ये तर तो पाचांत दुसरा होता." तो रिपोर्ट त्यांच्या खणात होता. पान १ वर कपाचं वर्तुळ.

दिग्दर्शक म्हणाले, झुंजीची चित्रं काढून झाली आहेत. एरवी पूर्ण भागाला लागतात तेवढी एका झुंजीला. थकलेले चित्रकार आपणहून रात्री थांबून काढत होते. "त्यांना कोण सांगणार? तुम्ही सांगता?"

खाली चित्रकारांच्या खोलीत गेले. भिंतीवर महाप्रपाताची चित्रं एकाखाली एक लावली होती. एकाने विचारलं, काही चुकलंय का. मी म्हणाले, डाव्या हाताची बोटं बरोबर आहेत. परत आले.

३० ऑगस्ट

ध्वनिमुद्रण. एरवी उच्चारांच्या तपासणीला मी जात नाही. आज गेले, कारण पाषाणबैलाच्या नावाबद्दल शंका येऊ शकते. आली नाही.

पान ४४ वर ओमोदाका-सानांना एकच आवाज होता. "दो... बुन." एरवी ०.८ सेकंद. आज ६.२. ध्वनिमुद्रकाने दुसऱ्यांदा मागितला नाही.

बाहेर आल्यावर त्या चहा ओतत म्हणाल्या, "मला कामाची ददात नाही गं. आजीबाई लागतात सगळ्यांना, चेटकिणी लागतात. पण हा आवाज मी आता कुठे काढू? भाजीवाल्याकडे?" मग माझ्याकडे बघून आतल्या कोणाला तरी म्हणाल्या, "हिला बसू द्या जरा."

मी बसले. सकाळी फक्त एक ओनिगिरी, भाताचा गोळा, खाल्ली होती.

२८ सप्टेंबर, संध्याकाळी ७.३०

भाग प्रसारित झाला. घरी पाहिला, चुका तपासायला. पूर्वार्धात चूक नाही. उत्तरार्धात पान ३८ नंतरचं तपासता आलं नाही. पडदा नीट दिसत नव्हता. उद्या पडदा पुसायला हवा.

८.०५: हिबाराचा मेसेज. "ठिपके छान दिसले. मधला डावीकडे." पत्रकाशी जुळतात, एवढंच खरं आहे.

४ ऑक्टोबर

प्रेक्षकांची पत्रं आली. वर्गवारी माझ्याकडे आली. पहिलं फुकुईहून, दुसरीतल्या मुलीचं: "दोबुन गेला. आता तरी गेन जिंकेल."

वर्ग: अपेक्षा.

७ ऑक्टोबर

नव्या बेटावरचा पहिला भाग शनिवारी झाला. गेन हरला. ससाणा ४.२ सेकंदांत पडला. जमीन कोरडी. प्रतिस्पर्ध्याचं माप बरोबर. हुकूम वेळेवर. हे नोंदवणं माझं कर्तव्य होतं, म्हणून एक पानाचा रिपोर्ट लिहिला. विषय: गेनच्या पराभवांचं कारण आजवर चुकीच्या प्राण्यावर ढकललं गेलं.

वाकुई-सानांनी तो उभ्या उभ्या वाचला. चहा बाजूला ठेवून. मग कानामागची पेन्सिल काढली आणि दिग्दर्शकांना हाक मारली. "ऐकलंत का, कुजिराई-सान म्हणतात तेही खरंच आहे. ससाण्यालाही एकदा थाटात जिंकवूया का?"

मी म्हणाले, रिपोर्टमध्ये चूक राहिली आहे, आणि कागद त्यांच्या हातातून काढून घेतला. कुठली चूक, असं त्यांनी विचारलं.

शोधून सांगते, असं मी म्हणाले.