ठमीचे टाके

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. तुझ्या गुडघ्यांनाही विचारलंय म्हणून सांग. इथे सगळ्यांच्या तब्येती बऱ्या आहेत. त्यातल्या त्यात मांजराची.

तू दिलेल्या ठमीचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन झालं. (तारीख तुझ्या सुनेने, म्हणजे माझ्या बायकोने, ठरवली आणि ती ऑफिसच्या कामाला परगावी गेली. योगायोग, असं ती म्हणते.) घरी उरलो मी आणि सासरे. आमच्याकडे राहायला आल्यापासून ते मला ‘अहो जावई’ म्हणतात, आणि संभाषण बहुधा तिथेच संपतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, टाके चाटू द्यायचे नाहीत, उडी मारू द्यायची नाही. त्यासाठी गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं दिलं. ते घालताच ठमी उलटी चालू लागली, मागेमागे सरकत सोफ्याखाली गेली आणि नरसाळं अडकल्यामुळे तोंड तेवढं बाहेर ठेवून आमच्याकडे बघत राहिली. सासऱ्यांना ते बघवेना. त्यांनी नरसाळं काढलं आणि माझ्या नव्या बनियनला भोकं पाडून तिला अंगरखा केला. (दोरीवर त्यांचेही बनियन होते.) अंगरखा इतका सुटसुटीत झाला की ती थेट कपाटावर गेली.

मी स्टुलावर चढलो, सासऱ्यांनी स्टूल धरलं. ठमी कडेला आली तशी त्यांनी स्टूल सोडून तिला झेलायला हात पसरले. त्यामुळे मी पडलो तेव्हा त्यांचे हात मोकळे होते, पण माझ्यासाठी नव्हते. ठमी कपाटाशेजारच्या टेबलावरून सावकाश उतरली आणि माझ्या अंगावर बसली. तिच्या बनियनवर लाल डाग होता. तेव्हा मात्र आमचं धाबं दणाणलं. सासऱ्यांनी गाडी काढली, मी टोपली मांडीवर धरली. सिग्नलला ते समोर बघतच म्हणाले, “अरे, श्वास घेतेय ना ती?”

डॉक्टरीणबाईंनी बनियन उलगडून बराच वेळ पाहिलं. “टाके शाबूत आहेत,” त्या म्हणाल्या. “रक्त तुमच्या कोपराचं आहे.”

माझ्या हाताला प्लास्टर आहे, म्हणून अक्षर असं. सासरे मला भरवतात, आधी ठमीला. एकूण मांजर पाळणं हा शहाण्या माणसाचा उद्योग नाही, हे तुला कळवावं म्हणून लिहिलं.

तुझा भाचा

ता. क. ठमीची काळी बहीण अजून तुझ्याकडे असेल तर कुणाला देऊ नकोस. ठमीला सोबत हवी, असं सासऱ्यांचं म्हणणं. मी फक्त कळवतोय.

आणखी एक. सुनेने विचारलं तर तूच ती काळी आमच्या गळ्यात मारलीस असं सांग. आम्ही टोपली घेऊन तुझ्याकडेच निघतोय. हे पत्र आमच्या मागून पोचलं, तर वाचू नकोस.