अक्का वाटत सुटली तेव्हा

साळिग्राम, २ फेब्रुवारी २००९

चि. सुब्रायास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

अक्षर बघितलंस? मुंगीएवढं झालं होतं, ते पुन्हा हेडमिस्ट्रेसचं झालं. मंगळूरच्या डॉक्टरांनी कंपवातावर दिलेल्या नव्या गोळीला पाच महिने झाले. आता हातात कपबशी वाजत नाही, साडीची पिन माझी मी लावते आणि देवळापर्यंत काठीशिवाय जाते. माझी नणंद नागवेणी मागून धापा टाकत येते.

दुसरी बातमी म्हणजे तुझ्या भावोजींच्या वेळचं तांब्याचं घंगाळ मी शेजारच्या लग्नात देऊन टाकलं. रेशमी साड्याही दिल्या, दोन ठेवल्या. देताना इतकं बरं वाटतं रे, की सकाळी डोळे उघडले की आज कोणाला काय द्यायचं हेच मनात येतं. गावातले लोक वाटेत थांबून पाया पडतात. नागवेणी तेवढी तोंड फुगवून बसते. तिला म्हटलं, बाई गं, उशिरा का होईना, मला शहाणपण आलंय, तेही बघवत नाही का तुला?

तुझ्या मंडळींचे गुडघे कसे आहेत? माझ्यावरची माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
वारिजाक्षी अक्का


शिवमोग्गा, ११ फेब्रुवारी २००९

ती. अक्कास,
सुब्रायचा सा. न. वि. वि.

पत्र मोठ्याने वाचून दाखवलं, तर घरात हसाहस झाली. तू आणि साड्या वाटतेस! लहानपणी तुझी पेन्सिल घेतली, तर परत घेताना तू तिची लांबी तपासायचीस. पण तू काठीशिवाय चालतेस हे वाचून डोळे भरून आले, हेही खरं.

एक विचारू? रागावू नकोस. महिन्याभरात तुझी चार पत्रं आली आणि चारही पत्रांत काय काय देऊन टाकलं तेच. डॉक्टरांना हे सांगितलंस का? मंडळींचं म्हणणं असं की दानधर्म हा काय आजार आहे, तुम्हाला सवय नाही म्हणून खुपतंय. असेलही. तरी सांग.

धाकट्यावर कृपा असू दे.

तुझा,
सुब्राय


साळिग्राम, १९ फेब्रुवारी २००९

सुब्रायण्णा यांना,
नागवेणीचा शि. सा. न.

फोन ओटीवर आहे आणि वहिनींना सगळं ऐकू जातं, म्हणून लिहिते. लिहिण्याची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

परवा दुपारी ब्लाउजांची कापडं घेऊन शिवायला बसायला गेले, तर माझी मशीन जागेवर नाही. वहिनींनी ती शाळेत झाडलोट करणाऱ्या जलजाला देऊन टाकली. माझे यजमान गेल्यावर मी इथे आले, तेव्हा तेवढी एकच वस्तू सोबत आणली होती. अकरा वर्षं त्या मशीनवर माझं मी भागवते आहे. वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, तुला काय कमी आहे, या घरात जेवतेस ना? अण्णा, असं त्या आजवर कधी बोलल्या नव्हत्या.

विहिरीकडची जागा वाचनालयाला देते, असाही त्यांनी कमिटीला शब्द दिलाय. आमचं पिण्याचं पाणी त्याच विहिरीचं. अडवलं तर नजर वेगळीच होते. काही दिलं की घटकाभर खूश, मग पुन्हा कपाटं उघडायला लागतात. ही आमची वहिनी नव्हे. त्यांना सोडून मी कुठे जाणार नाही, पण तुम्ही काहीतरी करा.

तुम्ही काही ठरवेपर्यंत मी लिहिलंय हे त्यांना कळू देऊ नका.

नागवेणी


शिवमोग्गा, २७ फेब्रुवारी २००९

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

आज चेष्टा करत नाही. तुझ्या डॉक्टरांशी फोनवर बोललो. ते म्हणाले, या गोळीने काही जणांच्या मनाचा ब्रेक सैल होतो. कोणी पत्ते खेळत सुटतो, कोणी गोड खात, कोणी खरेदी करत. देत सुटणारे कमी, पण जात एकच. माणूस बिघडत नाही, त्याला थांबता येत नाही. गोळी आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. ती हळूहळू कमी करता येते.

हे त्यांनी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं म्हणे. त्यावर तू म्हणालीस की तेहतीस वर्षं वर्गभर पोरी ताब्यात ठेवल्या, एक गोळी ठेवता येणार नाही का? ऐकून मला हसूही आलं.

साड्या, घंगाळ तुझं होतं. मशीन तुझी नव्हती, अक्का.

मंगळूरला मी सोबत येतो. राग आला तर मला शिव्या घाल, पण ये.

सुब्राय


साळिग्राम, २० मार्च २००९

चि. सुब्रायास,
अनेक आशीर्वाद.

मंगळूरला तुझ्यासोबत आले, तेव्हा राग उतरला होता. त्याआधीचे तीन दिवस मात्र तुला मनातल्या मनात बाकावर उभं केलं होतं. मग तुझं ते मशीनचं वाक्य पुन्हा वाचलं. दुसरीची वस्तू उचलणाऱ्या मुलीला मी वर्गासमोर उभं करत असे. म्हणून आता मीच नागवेणीसमोर उभी राहिले आणि चुकलं म्हणाले. जेवणावरून जे बोलले त्याचीही माफी मागितली. ती रडली, मग मलाच ओरडली की उभ्या काय राहिलात, पडाल.

गोळी उतरते आहे. हात पुन्हा नाचतो, मन उदास असतं. हे काही दिवस राहील, असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं. कपाटांच्या किल्ल्या नागवेणीकडे दिल्या. काही द्यावंसं वाटलं तर तिला सांगायचं आणि आठ दिवस थांबायचं, हा नियम माझा मीच केला.

रिक्षा करून जलजाकडे गेले. मशीन माझी नव्हतीच, असं तिला सांगितलं. तिने पुसून, तेल घालून परत दिली, पण माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाली, टीचर, मी मागायला आले नव्हते. तिचा राग रास्त आहे.

काळजी नको. मी खमकी आहे.

अक्का


साळिग्राम, १८ मे २००९

चि. सुब्रायास,
अनेक आशीर्वाद.

काठी परत आली, पण मीही परत आले. कमिटीला विहिरीकडची जागा मिळणार नाही, असं तोंडावर सांगितलं. मंडळी हिरमुसून गेली. गावात माझं देवपण संपलं, पुन्हा कडक टीचर झाले. त्या दुपारी मस्त झोप लागली.

पण जलजा मनातून जाईना. तिच्या हातचे फणसाचे पापड बाजारात हातोहात खपतात, फणस मात्र तिला विकत घ्यावे लागतात. आपल्या परसातला फणस तुला ठाऊक आहे. त्याचा गरा मी सख्ख्या भावालाही मोजून दिलाय. ते सगळे फणस दरवर्षी जलजाला द्यावेत, असं मनात आलं. नागवेणीला सांगितलं. ती आधी माझ्या डोळ्यांत बघत राहिली, मग म्हणाली, थांबा आठ दिवस.

थांबले. नवव्या दिवशीही द्यावंसं वाटत होतं. जलजा टोपली घेऊन आली, जरा घुश्शातच. गडी एकेक फणस उतरवत होता आणि माझ्या पोटात कळ येत होती. गोळीच्या दिवसांत कधी अशी आली नव्हती, तेव्हा नुसता आनंद व्हायचा. दोनदा वाटलं, पुरे म्हणावं. पण म्हटलं नाही. सगळ्यात मोठा होता तोही जाऊ दिला.

सुब्राय, ती कळ आली तेव्हा कुठे खात्री पटली, की देणारी मीच आहे.

सगळ्यांना आशीर्वाद. पावसाआधी येऊन जा. या वर्षी फणस मिळणार नाही.

तुझी,
अक्का