बोराटीतला आपटा

रविवार, ८ जून २०२५
टेकडीवर गेले. गेल्या पावसाळ्यात आमच्या श्रमदानाच्या ग्रुपने लावलेली रोपं — सगळी वाळून काटक्या! उरलीसुरली शेळ्यांनी खाल्ली. झुडपं उपटून टेकडी चकाचक केली होती ना, घ्या आता! जिवंत एकच. काटेरी बोराटीच्या जाळीत, सावलीला, गुडघाभर आपटा. ग्रुपचे म्होरके तातेराव म्हणाले, "तुमच्या बाबानं काट्यात खुपसल्तं एक रोप. आम्ही लई हसलो."

९ जून
बाबांना सांगितलं — तुमचं झाड जगलं! खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून हा माणूस पलंग सोडायला तयार नाही. आज वॉकर मागितला! "दसऱ्याला जाऊन बघतो." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

१४ जून
उद्या पुन्हा श्रमदान, पुन्हा सफाई. बोराटीभोवती चुन्याच्या फक्कीचं ठळक रिंगण मारून आले. बघू कोण हात लावतो!

१५ जून
तोडली! पार बुंध्यापासून! तातेराव म्हणतात, "ताई, फक्की मारली म्हंजे खड्डा. तुम्हीच तं निशाण केलं!" खरंच की. आम्ही खड्डेच फक्कीने आखतो. माझी अक्कल कुठे चरायला गेली होती? तरी घसा बसेस्तोवर भांडले — आपट्याची सावली गेली, आता शेळ्या खातील!
घरी बाबा: "झाड कसं हाय?"
छान, म्हटलं.

१९ जून
आपट्याची पानं मलूल. बाबांचा वॉकर अंगणापर्यंत पोचला. त्याची टकटक ऐकली की, झाडाचं विचारतील म्हणून, मी मागच्या दाराने सटकते.

२१ जून
तातेराव तोडलेली बोराटी ओढत आणून आपट्याभोवती रचत होते. हातांवर नुसते ओरखडे. "सावली पायजे ना त्याला," एवढंच बोलले. माझा राग कुठच्या कुठे गेला.

२७ जुलै
बोराटीच्या बुंध्याला धुमारे! आपट्याला कोवळी जोडपानं! तातेरावांचं फर्मान — यंदा एकही झुडूप तोडायचं न्हाई, रोपं त्यांच्याच आडोशाला लावायची.

२ ऑक्टोबर, दसरा
बाबा टेकडी चढले! एका हातात काठी, दुसरा तातेरावांच्या खांद्यावर. आपट्याकडे बघतच राहिले.
"हे माझं झाड न्हाई, पोरी. मी तं लिंब लावल्ता."
तातेराव चाट. "मंग हा कोणी लावला?"
बाबांनी काठी बोराटीकडे केली. "हिनं."
सोनं न तोडताच खाली उतरलो.