पांढरी फळं पश्चिमेला

आंडोंग,
१० जून २०११

चि. सौ. यंगरान हिस,
अ. उ. आ.

तू पाठवलेली सुकी मासळी पोचली. पुडक्याचा वास घेऊन आत काय आहे ते नणंदबाईंनी माझ्याआधी जाहीर केलं. पत्र लिहायचं कारण तुला ठाऊकच आहे. कान कामातून गेल्यापासून मी फोनवर बोलले की शेजारच्या आवारातल्या कोंबड्यासुद्धा माना वर करतात, आणि आजचा विषय कोंबड्यांनी ऐकण्यासारखा नाही.

बे दालसूंनी मला मागणी घातली. टेकडीपलीकडचे, पीचच्या बागेचे मालक, बायको जाऊन बरीच वर्षं झालेले. आमच्या अंगणातला नळ ठिबकत होता, तो दुरुस्त करता करता नळाकडेच बघत म्हणाले की उरलेलं आयुष्य एकत्र जेवू या. माझ्या कानांमुळे बिचाऱ्यांना तेच पुन्हा पुन्हा सांगावं लागलं, शेवटी तर ओरडून. आता गावाला काय कळलं आणि काय नाही, देव जाणे.

माझं मन आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षी हे लिहायला लाज वाटते, पण आहे. प्रश्न आहे तो हर्पिसचा. हेडमास्तरांनी मला दिलेला हा एकच दागिना असा, की जो विधवा झाल्यावरही उतरवता आला नाही. इथे म्हणतात, श्राद्धाला आत्मा वर्षातून एकदा घरी जेवायला येतो. आमचे हेडमास्तर कधी रिकाम्या हाताने आले नाहीत. श्राद्धाचा स्वयंपाक करून, तळणीपाशी उभी राहून माझं अंग मोडलं, की नेमके त्या तिथीला कमरेखाली फोड हजर. देगूच्या डॉक्टरांनी रोजची गोळी सुरू केल्यापासून मात्र त्यांचं येणं बंद झालं होतं.

होतं म्हणते, कारण मी गोळी थांबवली आहे. रागावू नकोस. यंदा भाऊबंदांची मंडळी श्राद्धाच्याच दिवशी मला 'आदर्श सून' म्हणून मानपत्र देणार आहेत. नणंदबाईंनी बजावलं की या खेपेला सोवळं कडक हवं. श्राद्धाच्या पानात लसूण चालत नाही, मिरची चालत नाही, उग्र वासाने आत्मा उंबरठ्यावरून परत फिरतो. मग स्वयंपाक करणारीच्या पोटात औषध कसं चालेल, असं मला वाटलं. शिवाय वर्षभर काही झालं नव्हतं, म्हणजे बरंच झालं असणार.

आणि बरं झालं असेल, तर दालसूंना सांगायलाच हवं का? झाकली मूठ सव्वा लाखाची. लवकर कळव.

तुझी ताई,
पिलसुन

बुसान,
१५ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र दुकानात वाचलं. एका गिऱ्हाइकाच्या डोक्याला कुरळे करायचं औषध लावून ठेवलं होतं, ते तुझ्या पायी विसरले. बाईंचे केस आता मेंढीसारखे झालेत. त्यांचे पैसे तुझ्याकडून वसूल करायला हवेत.

लसूण, मिरची आणि गोळी एका माळेत ओवणारी आख्ख्या कोरियात तूच! मेलेल्या माणसाला वास येईल म्हणून जिवंत बाईने औषध सोडायचं. अगं, काही झालं नव्हतं ते गोळीमुळेच. हा आजार जात नाही, नुसता दबून बसतो, हे डॉक्टरांनी तुला सांगितलं तेव्हा मी शेजारीच होते. नीट ऐकू आलं नव्हतं, तर तेव्हाच विचारायचंस. उद्याच्या उद्या देगूला जा. तुमच्या गावातल्या औषधवाल्याकडे जाऊ नकोस. तो पडला तुझ्या सासरचा पुतण्या.

आता दुसरं. गोळीने दुसऱ्याला लागण व्हायचा धोका कमी होतो, पण संपत नाही. फोड असताना जवळ जायचं नाही, हे वेगळंच. एवढं सगळं त्या भल्या माणसाला लग्नाआधी कळायला हवं. नंतर कळलं तर तुझ्यात आणि हेडमास्तरांत फरक तो काय? त्यांनी तुला विचारलं होतं का?

आठवतंय ना? हेडमास्तर देगूचं प्रशिक्षण संपवून आले आणि महिन्याभरात तू तापाने फणफणलीस. आधी म्हणाले, गावच्या सार्वजनिक न्हाणीघरातून आलं. मग म्हणाले, बाईमाणसाने अंग स्वच्छ ठेवावं. तू किती वर्षं मिठाच्या पाण्यात बसत होतीस! चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि ते वारल्यावर त्यांच्या कपाटात, नीतिशास्त्राच्या पुस्तकांमागे, अर्ध्याअर्ध्या पिळलेल्या मलमाच्या ट्यूबा निघाल्या. त्या मी माझ्या हाताने टाकल्या आहेत, ताई. मला आदर्श वगैरे शब्द ऐकवू नकोस.

रागावलीस तर राग लिहून कळव, फोन करू नकोस.

तुझी,
यंगरान

आंडोंग,
४ जुलै

चि. सौ. यंगरान हिस,
अ. उ. आ.

तुझ्या त्या एका प्रश्नाने मला फार लागलं. पत्र फाडून चुलीत घातलं. पण फोड त्याआधीच आले होते, म्हणजे तोंड उघडायची सोय राहिली नाही. देगूला गेले. डॉक्टर मुलीसारख्या वयाची, पण अशी झापली की सासू परवडली. गोळ्या पुन्हा सुरू आहेत. आता बरं आहे.

दालसूंना सांगितलं. कुठे सांगावं हाच प्रश्न होता. बागेत फळांना कागदी पिशव्या बांधायला बायका लागलेल्या, आणि माझा आवाज हा असा. शेवटी त्यांच्या टेम्पोत बसून काचा वर केल्या. जुलैचं ऊन, दोघं घामाने निथळतोय, आणि मी समोरच्या वायपरकडे बघत सगळं सांगितलं. हेडमास्तर, मीठपाणी, मलम, गोळी, सगळं. त्यांनी एवढंच विचारलं की दुखतं का. मी म्हटलं, दुखतं. मग काच खाली केली, मला घरी सोडलं आणि गेले.

तेव्हापासून फिरकले नाहीत. नळ पुन्हा ठिबकायला लागला आहे. मी खाली बादली ठेवली आहे, पण मला कमी ऐकू येतं तरी ते टपटप बरोबर ऐकू येतं. यंगरान, मला वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय.

तुझी ताई

बुसान,
८ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुला सांगायला मी लावलं, त्याची रुखरुख आहे. पण शब्द मागे घेत नाही. पुरुष गप्प झाला म्हणजे विचारच करत असतो असं नाही, आमचे हे बावीस वर्षं नुसतेच गप्प आहेत. थोडी वाट बघ. नाहीच आला, तर श्राद्ध आटोपून इकडे ये. दुकानावरची खोली रिकामी आहे, आणि मेंढीवाल्या बाई अजून तुझ्या नावाने खडे फोडतायत, त्यांची समजूत घालायला कोणीतरी हवंच आहे.

नळाला प्लंबर बोलाव. त्यासाठी लग्न करावं लागत नाही.

तुझी,
यंगरान

आंडोंग,
२८ जुलै

चि. सौ. यंगरान हिस,
अ. उ. आ.

आले! नवा वायसर आणि पीचची पेटी घेऊन आले. इतके दिवस कुठे होते, तर देगूला. स्वतःच्या डॉक्टरांकडे जाऊन इतके प्रश्न विचारले, की शेवटी डॉक्टरांनी यांचीच तपासणी करायला घेतली. नळ पिळता पिळता सांगत होते की त्यांच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या सकाळी असतातच, त्यात आता माझ्या एका गोळीची भर. मला बरं नसेल तेव्हा ते बागेतल्या खोपीत झोपतील, तिथे वारा चांगला लागतो. धोका कळला, म्हणाले, आणि माणूसही कळलं. हे त्यांनी पहिल्या खेपेलाच मोठ्याने सांगितलं.

पीच घरात बघून नणंदबाईंनी कपाळ बडवलं. श्राद्धाच्या घरात पीच आणतात का, त्याने आत्मे पळून जातात! मी पेटी उचलली नाही.

काल श्राद्ध झालं. हल्ली सगळे नोकरदार, म्हणून संध्याकाळीच उरकतात. पुतणे, दीर, चुलतदीर, सगळे हजर. मानपत्राआधी नणंदबाईंनी भावाचे गुण गायले. म्हणे आमच्या दादाने उभ्या जन्मात परस्त्रीकडे मान वर करून पाहिलं नाही, आणि अशा शुद्ध माणसाच्या बायकोने पीचवाल्याच्या ताटात जेवायला जावं ही कुळाला काळिमा आहे. मी जिवंत असेपर्यंत हे पान मीच मांडीन, असं माझ्या तोंडी मानपत्रात छापूनसुद्धा आणलं होतं.

मी पान मांडत राहिले. लाल फळं पूर्वेला, पांढरी पश्चिमेला, माशाचं डोकं पूर्वेकडे, सगळं रीतसर. मग कमरेच्या पिशवीतून गोळी काढली, छोट्या बशीत ठेवली आणि पेअरच्या शेजारी मांडली. गोळी पांढरी, म्हणून पश्चिमेला. रीत मोडली असं कोणी म्हणायला नको.

पुरुष नमस्काराला वाकले तेव्हा नणंदबाईंचं लक्ष गेलं. त्यांनी खुणेनेच विचारलं की हे काय. चारचौघांत शोभा नको, म्हणून मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि अगदी हळूच सांगितलं की हे दादांच्या देगूच्या प्रशिक्षणाचं औषध, कमरेखालच्या आजाराचं. त्यांचं त्यांना, मी फक्त इतकी वर्षं सांभाळलं.

का कोण जाणे, वाकलेल्यांपैकी एकही माणूस उठेना. कपाळं जमिनीला टेकलेली, पाठी वर, सगळे तसेच. नणंदबाईंचा चेहरा पेअरपेक्षा पांढरा. बाहेर दालसू टेम्पोत माझी वाट बघत होते, ते नंतर म्हणाले की त्यांना शब्द न् शब्द ऐकू आला. मानपत्र तिथेच राहिलं. पेटी घेऊन मी टेम्पोत जाऊन बसले.

एक डोस चुकला असेल म्हणून काळजी करू नकोस. माझी सकाळची मी घेतली होती. बशीतली हेडमास्तरांच्या वाट्याची होती.

मेंढीवाल्या बाईंना पीच पाठवते आहे. तुझा लोभ असू दे, आणि औषधासारखा रोज असू दे, श्राद्धासारखा वर्षातून एकदा नको.

तुझी ताई,
पिलसुन