वायर काढली, दार लावलं

करंजाडे, पनवेल
८ फेब्रुवारी २०११

ती. विनायकमामांस,
चारुताचा सा. न. वि. वि.

तुम्ही सुचवलेलं स्थळ रविवारी आम्ही कॉम्प्युटरवर बघितलं. आईने कळवलं असेलच, पण ते तिच्या बाजूचं. आमचा कॉम्प्युटर स्वयंपाकघराच्या दाराशी, कारण नेटची वायर तेवढीच पुरते. माझ्या पाठीमागे उजेड, त्यामुळे शैलेशला माझा नुसता काळा आकार दिसला. हातांच्या खुणा कुठून दिसणार! मग इकडून सुशांतदादा बोलायला लागला आणि तिकडून शैलेशची आई. ज्यांना ऐकू येतं ती दोघं लग्न ठरवत होती आणि ज्यांचं लग्न, ते आम्ही दोघं त्यांचे ओठ बघत बसलो होतो. मामा, तुम्हालाही ऐकू येत नाही, मला काय वाटलं ते वेगळं सांगायला नको.

म्हणून वायरच काढायची ठरवलंय. वायफाय घेते आणि कॉम्प्युटर माझ्या खोलीत खिडकीपाशी नेते. दादा म्हणतो, मध्ये दोन भिंती आहेत, जमायचं नाही. मी जमवणार.

मामींना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची चारुता


मिरज
१४ फेब्रुवारी २०११

चि. चारुतास अनेक उ. आ.

तुझं पत्र वाचून मामी हसली. म्हणाली, ही पोरगी भिंतींनाही ऐकवेल. शैलेश आमच्या शाळेत माझ्याच हाताखाली सुतारकाम शिकला. मुलगा गुणी आहे, पण लहानपणापासून त्याच्या वाटचं बोलणं त्याची आईच बोलते. बाईचा जीव आहे त्याच्यावर, फक्त त्याची पाळी कधी येत नाही.

खिडकीकडे तोंड करून बस. साडी एकरंगी नेस, फुलाफुलांच्या कापडावर हात हरवतात. आणि आईशी भांडू नकोस, तिला तुझी काळजी आहे.

सुखी राहा, पत्र टाकत राहा.
तुझा विनायकमामा


करंजाडे, पनवेल
२२ फेब्रुवारी २०११

ती. मामांस सा. न. वि. वि.

जमलं! पनवेलच्या दुकानातला माणूस सगळं दादालाच सांगत होता. मी कागदावर लिहून विचारलं, मग माझ्याकडे वळला. राऊटर आधी टीव्हीमागे ठेवला तर सिग्नल येईना. कपाटावर चढवला, कॉम्प्युटरला मागून अडॅप्टर खोचला, सीडी टाकली, आणि खिडकीपाशी चित्र लख्ख. दादाने कान पकडले.

काल दार लावून शैलेशशी बोलले. त्यानेही त्याच्या खोलीचं दार लावलं होतं. आधी त्याचे हात अडखळत होते, मग थांबेनात.

मामा, मी नकार देतेय. मुलगा चांगला आहे, त्याला दोष नाही. त्याच्या घरी मुलीकडून नकार आला एवढंच सांगा. कारण मला विचारू नका. आई कालपासून माझ्याकडे बघत नाहीये, ते मी निभावेन.

रागवा, पण मनातून काढू नका.
तुमची चारुता


मिरज
७ मार्च २०११

चि. चारुतास अनेक उ. आ.

रागावलो होतो, हे लपवत नाही. चांगलं स्थळ घालवलंस म्हणून उत्तरही लिहिलं नाही.

काल शैलेश आईला घेऊन घरी आला आणि सगळं सांगितलं. त्याच्या वर्गातली मोनाली त्याला आवडते. त्याला न विचारताच आईने तुमच्याकडे होकार कळवला होता. त्याला धीर येईपर्यंत नकार तू आपल्या नावावर घेतलास, हेही त्यानेच सांगितलं. आई सवयीने मध्ये बोलायला लागली. त्याने तिचे दोन्ही हात हळूच तिच्या मांडीवर ठेवले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तिला एकही खूण कळेना. मामीने एकेक शब्द तिला बोलून सांगितला. तुझ्या आईला मी आजच वेगळं लिहितोय, ती निवळेल.

आज दुपारी शैलेशची आई एकटीच आली, खुणा शिकवा म्हणून. बोटं जड आहेत, चुकत होती, पुन्हा करत होती. संध्याकाळी शैलेश तिला न्यायला आला, तेव्हा दारातच तिने त्याला हातांनी विचारलं, तुला काय हवंय?

तुझ्या मामीचे आणि माझे आशीर्वाद.
विनायकमामा