तीन मिलिमीटरची फट

बिश्केक, १४ नोव्हेंबर

प्रिय दादा, तिनीबेक बाइके,

सलाम. आईचे गुडघे आता बरे आहेत. इकडे पहिला बर्फ पडून गेला. जेंगेवहिनीला सांग, तूप पोचलं.

मोठी बातमी! इथल्या शाळेसाठी तुझीच शेगडी ठरली, बाराही वर्गांना! सोमवारी चाचणीत धूर सरळ वर गेला आणि पहिलीतल्या पोरांनी आपणहून कोट काढले. शाळेच्या समितीचे अध्यक्ष म्हणाले, "बाई, भाऊ तुमच्या कॉम्प्युटरपेक्षा हुशार निघाला की!"

"कॉम्प्युटरचं सोडा," मी म्हटलं, "माझ्यापेक्षाही."

वसंतात नेमकं काय झालं, ते तुला सांगायचं राहिलंय. धुराचं गणित मांडण्याआधी कॉम्प्युटरवरच्या कॅड-आराखड्यातला आकार साफ करावा लागतो. बोल्ट काढायचे, सांधे बुजवायचे. कुठे फट राहिली की गणितासाठी आतल्या जागेचे जे बारीक चौकोन पाडतात, ती जाळी फुटक्या बादलीतल्या पाण्यासारखी बाहेर सांडते. तुझ्या शेगडीच्या दाराखाली तीन मिलिमीटरची फट होती. मी ती बुजवली. मग गणितात धूर खोलीत आला, आणि मी भर समितीत म्हणाले, "रचनाच चुकलीय."

तू एवढंच विचारलंस, "प्राध्यापकबाई, तुमच्या यंत्रानं कधी शेगडी पेटवलीय का?" आणि माझ्या घरून नानचा तुकडाही न मोडता निघून गेलास.

सप्टेंबरात जेंगे फोनवर हसली, "अगं, ती फट त्यांनी मुद्दाम ठेवलीय. आगीला वारा नको का?"

मी फट पुन्हा उघडली. जाळी दोनदा तिच्यावरून तशीच निघून गेली. तिसऱ्यांदा तिथले चौकोन इतके बारीक केले की वारा आत शिरला. आकडे तुझ्या खऱ्या शेगडीवरच्या मोजणीशी तंतोतंत जुळले. मी खुर्चीवरून उठून ओरडले, बाइके!

पण खरं सांगू? फट माझ्या नजरेतून सुटली नव्हती. तुला फोन करून विचारता आलं असतं. वेल्डरला काय कळतंय, असं वाटलं मला. माझ्या सख्ख्या भावाबद्दल.

समितीत सगळ्यांसमोर मी हे बोलले. अहवालात लिहिलंय: रचना तिनीबेकची, चूक जिपारची. खाली माझी सही आहे. इतक्या अभिमानानं मी आजवर कशावरही सही केली नव्हती.

तुझी बहीण, जी आता आधी तुला विचारेल,
जिपार