धिम्याची लाल नखं

ता. ४

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

आधी कबूल करतो, मग कान पिळा. ताई नर्सच्या ट्रेनिंगला जाताना तिचं कासव, धिम्या, माझ्या हवाली करून गेली. काल मी तिच्याच लाल नेलपॉलिशने त्याची नखं रंगवली. म्हटलं, आल्यावर ताई हसून लोळेल. रंग वाळला, त्याला पाण्यात सोडलं. पण ताईने त्याला टोमॅटोच्या फोडींची चटक लावलीय ना! लाल दिसलं की चाव. गड्याने स्वतःच्याच पायाला कचकन तोंड घातलं. आधी मला हसू आलं. मग पाणी लालसर झालं आणि माझी पाचावर धारण बसली. अजून तिथेच चावतोय. उजव्या पायाची दोन बोटं सोलली. तुम्ही जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करता, म्हणून इकडे फेरीला येणाऱ्या तुमच्या दवाखान्याच्या गाडीवाल्याबरोबर हे पत्र धाडतोय. ताई वीसला येतेय. धिम्याला काही झालं तर ती मला जन्मात माफ करणार नाही.

लोभ होता, तो उरला असेल तर असू द्यावा.

तुमचा उचापती भाचा

ता. ५

चि. उचापतीस,
अनेक आशीर्वाद. धपाटा भेटीअंती.

आमच्या डॉक्टरबाईंना विचारलं. त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, त्या पोराचीच नखं रंगवा. नेलपॉलिश पुसायचं औषध अजिबात लावू नकोस, ते त्याला विषासारखं. नखं घासायच्या पट्टीने रंग हळूहळू उतरव. धिम्याला कोरड्या टबात, उबेत ठेव. रोज तासभरच स्वच्छ पाण्यात सोड आणि तेव्हाच हिरवा पाला दे. सलाइन आणि मलम गाडीवाल्याकडे दिलंय. सलाइनच्या पाण्याने जखम धुऊन मलम दोन वेळा लाव. बोट सुजलं किंवा वास आला, तर पत्र खरडत बसू नकोस, त्याला उचलून इथे आण.

जिवाला फार लावून घेऊ नकोस.

मामा

ता. २१

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

बोटं भरली! काल ताई आली. व्रण बघून तिने विचारायच्या आत मीच सगळं ओकून टाकलं. तिने कान असा पिरगळला की अजून गरम आहे. मग पाय उलटसुलट बघून म्हणाली, आमच्या वर्गातल्या पोरींनाही जखमेची इतकी नीट काळजी घ्यायला जमत नाही. नेलपॉलिशची गोष्ट तुम्ही खुशाल कोणालाही सांगा, घरभर झालीच आहे.

पण एक सांगतो. मलम लावताना धिम्या मान आत घेऊन बसायचा, माझं तोंडही बघायचा नाही. पाचव्या दिवशी त्याने मान बाहेर काढली आणि माझ्या हातातलं पान खाल्लं. मी टबाशेजारी बसून ढसाढसा रडलो, मामा. तेवढ्यात तुमचा गाडीवाला दारात! कांदा चिरत होतो असं त्याला सांगितलंय. त्याने विचारलं तर तुम्हीही कांदाच म्हणा. पाया पडतो, हे कोणालाही सांगू नका, ताईला तर मुळीच नाही.